खाडीतली हडळ

केसरच्या तोंडाची डावी बाजू जळलेली होती. नवऱ्याने, चंदरने, दारूच्या भरात पेटती चिमणी फेकून मारली होती. पुढे तो तिला टाकून आगरदांड्याला तरीच्या होडीवर कामाला गेला. केसर थळला भावाच्या पडवीत राहून सुकी मासळी विकू लागली.

एकतीस साली मुंबईची एक फाटकी सिनेमा कंपनी किहीमच्या नारळीबागेत उतरली. मुका चित्रपट, भुताचा. खून झालेली बायको हडळ होऊन येते नि नवऱ्याला खाडीत ओढून नेते. कंपनीची नटी चिखलात उतरेना. रुसून निघून गेली. सोडे, सुकी कोलंबी, विकायला आलेल्या केसरकडे मालक बघतच राहिला.

"बाई, तोंडावरचा पदर काढता?" मग साथीदाराला म्हणाला, "रंगाचा खर्च वाचला."

केसरला राग आला नाही. त्या तोंडाकडे इतका वेळ कुणी बघितलंच नव्हतं. हडळ होऊन ती चिखलात उतरली.

मुंबईत चित्रपट पडला. किनाऱ्यावरच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूंत मात्र चालतच राहिला. हडळ चिखलातून वर आली की बायका उभ्या राहून ओरडत, "वढ त्याला, वढ!" काहीजणी पडद्याला हळदकुंकू लावत. थळमध्ये मात्र हडळीच्या हातची मासळी कुणी घेईना.

मुरूडला तंबू लागला, त्यानंतर एक पोरसवदा बाई केसरच्या दारात आली. हात कोपरापर्यंत भाजलेला.

"मी रंगू. चंदरची दुसरी बायको. तू पटकीनं मेलीस असं त्यानं सांगितलं व्हतं. पडद्यावर तुजं तोंड बघून तो तंबूतनं पळाला. तवा मला कळलं, तू जिती हायस." ती केसरच्या पायाशी बसली. "बाय, सिनेमात मारलास तसा मार त्याला."

"ते खोटं गो," केसर म्हणाली. "सिनेमात मेलेला तो माणूस सांजचा आमच्यासंगट चहा पीत बसला व्हता."

तिने रंगूला ठेवून घेतलं. चंदर न्यायला आला तेव्हा केसर कोयता घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तो अंगणातूनच मागे फिरला, तो थेट पंचांकडे गेला. पंच म्हणाले, "बायको नवऱ्याची." केसरच्या भावानेच रंगूला होडीत बसवलं.

पावसाळ्याआधी निरोप आला : रंगू खाडीत पाय घसरून पडली, गेली. कुणी चौकशी केली नाही.

दिवाळीनंतर अलिबागला पुन्हा तोच चित्रपट लागला. केसरने तो कधीच पाहिला नव्हता. ती बायकांत जाऊन बसली. पडद्यावरचा नवरा बुडाला, दिवे लागले, तंबू रिकामा झाला. ती जागची हलली नाही.

"तो बुडतो तेवढाच भाग परत दाखव," ती तंबूवाल्याला म्हणाली.

"तेवढाच कसा दाखवू? उद्या ये, बाई."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. तंबूची गाडी रेवदंड्याला निघाली तेव्हा रिकामी पाटी डोक्यावर घेऊन केसर तिच्यामागून चालू लागली. भावाने हाका मारल्या. तिने वळून पाहिलं नाही.