देवळावरचा बिबट्या

जुने कॉम्प्युटर गेम हल्ली रंगरंगोटी करून पुन्हा विकायला आलेत, आणि ते खेळणाऱ्या नव्या मंडळींना माझा एकच सल्ला आहे : खेळायला बसण्याआधी घरातल्या सगळ्या तारा कुठं कुठं जातात ते बघून घ्या.

त्यातला एक गेम मला फार जवळून माहीत आहे. भुयारं, दगडी दारं, दोरीला लोंबकळत दरी ओलांडणारा एक संशोधक आणि भुयारात दबा धरून बसलेलं एक काळं जनावर. आता त्या भुयारात लख्ख उजेड केलाय म्हणे, आणि खेळ कुठंही थांबवून जपून ठेवता येतो. आमच्या वेळी असले लाड नव्हते! आमचा गडी वळवायचा म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली मागं घेण्यासारखं काम. आधी थांबवायचा, मग जागच्या जागी फिरवायचा, मग पुढं न्यायचा. तोवर जनावराचं जेवण उरकलेलं असायचं. खेळ जपून ठेवायचा, तर भुयारात मधे मधे ठेवलेल्या एका शेंदरी दगडापाशीच. दगड येण्याआधी कॉम्प्युटर बंद केला, की सगळी मेहनत पाण्यात. गडी मेला तर मात्र तो आपोआप मागच्या दगडापाशी पुन्हा जिवंत होऊन उभा! (हे एवढं ध्यानात ठेवा. आमच्या वस्तीला हे ठाऊक नव्हतं, म्हणून तर पुढचं सगळं झालं.)

आमची वस्ती पारगावच्या अलीकडं. तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला मारुतीचं देऊळ. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी जुन्नरला बी.कॉम. करून घरी आलो होतो आणि 'कॉम्प्युटर आल्याशिवाय नोकरी मिळत नाही' असं पटवून वडिलांना, म्हणजे अण्णांना, कॉम्प्युटर घ्यायला लावला होता. कॉम्प्युटर आला. नोकरीनं मात्र अजून आमचा पत्ता विचारला नव्हता.

अण्णा भजनी मंडळाचे प्रमुख. त्यामुळं मंडळाचा अॅम्प्लिफायर आमच्याच पुढच्या खोलीत असायचा. त्याला एक खटका होता. डावीकडं केला की खोलीतल्या मोठ्या खोक्यातून आवाज यायचा. उजवीकडं केला की देवळाच्या शिखरावरच्या, चार दिशांना तोंडं केलेल्या चार कर्ण्यांतून. मधे ठेवला की बंद. कॉम्प्युटरचे चिमुकले स्पीकर मला पुळचट वाटायला लागले होते. म्हणून एके दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरची तार थेट अॅम्प्लिफायरला जोडली आणि खटका डावीकडं केला. जनावर असं गुरगुरलं, की फळीवरची भांडी थरथरली! धन्य वाटलं.

नेमक्या त्याच दुपारी माझ्या बहिणीला, सुरेखाला, बघायला ओतूरचे पाव्हणे यायचे होते.

"सुन्या, बंद कर ते मढं!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "पावणं यायची येळ झाली."

"आई, दगड आला की लगेच बंद करतो."

"दगडाची वाट नको बघू. मीच घालते येक डोक्यात!"

कॉम्प्युटर बंद करणं शक्यच नव्हतं. मागच्या शेंदरी दगडापासून पुढं सरकायला मी चार दिवस झटत होतो, आणि पुढचा कुठं आहे ते देवालाच ठाऊक. म्हणून मी फक्त कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, त्यावर टॉवेल टाकला आणि खटका मधे ढकलला. म्हणजे मला तसं वाटलं. घाईत तो मधे न थांबता सरळ उजवीकडं जाऊन बसला.

आईनं सुरेखाला आतल्या खोलीत बसवून बजावलं, "बोलावल्याबिगर भायेर यायचं न्हाई. काय बी झालं तरी!" सुरेखानं मान डोलावली. मी नवा शर्ट घालायला मागच्या पडवीत गेलो.

आणि उसातून गुरगुर ऐकू आली.

त्या दिवसांत आमच्याकडं उसात बिबट्या दिसायला लागला होता, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. शेजारचे तात्या बांधावरून ओरडत आले, "आरं बिबट्याऽ! पारगावच्या अंगाला हाय!"

"ह्या, पारगावच्या अंगाला कुठं?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "हिकडं वड्याच्या बाजूला वरडला की!"

"मला तर रस्त्याकडनं आवाज आला!"

"आन मला हिरीकडनं!"

तात्यांनी क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, "म्हंजी चार हायेत."

बायका पोरांना घेऊन घरात धावल्या. तात्यांनी बैल सोडून थेट स्वतःच्या माजघरात नेला. मीही बाहेर आलो आणि सगळ्यांना धीर देऊ लागलो. "घाबरू नका! बिबट्या माणसाच्या वाटेला जात नाही," असं मी म्हणायला आणि चारी दिशांनी एक भयंकर किंकाळी उठायला एकच गाठ पडली.

"आऽऽऽह!"

"धरलं!" तात्या मटकन खाली बसले. "कुनाला तरी धरलं राव!"

अण्णांनी अंगणात उभं राहून घरटी माणसं मोजायला घेतली. या घरचे आहेत का? आहेत. त्या घरचे? आहेत. शेळ्या? त्याही आहेत. मग गेलं कोण? तेवढ्यात किंकाळीपाठोपाठ कुठूनसं पिपाणी-ढोलाचं रडवेलं संगीत आलं आणि बंद पडलं.

"बँड कुठनं आला?" अण्णा चकित झाले.

"पावण्यांनी आनला आसंल," तात्या म्हणाले.

"आवो, आजून पसंती न्हाई, आन बँड?" आई म्हणाली. मग तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि तिनं पदर तोंडाला लावला. "आगं बया! म्हंजी पावण्यांनाच धरलं की वाटंत!"

पुन्हा गुरगुर झाली. पुन्हा किंकाळी. पुन्हा बँड.

"दुसरा बी गेला," तात्या खोल आवाजात म्हणाले. "बँडवालं मातर धीराचं हायेत. वाजवायचं सोडलं न्हाई."

(तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी तुला ओळखू यायला हवं होतं. बरोबर आहे. पण गेम खेळताना ते जनावर माझ्यापुढं टीव्हीएवढं असायचं. आभाळाएवढं झाल्यावर मी त्याला ओळखलंच नाही!)

पाव्हण्यांना सोडवायला जायचं ठरलं. काठ्या, पहारी, कोयते निघाले. माझ्या हातात आईनं एक थाळी आणि पळी दिली. "वाजवीत ऱ्हा. आवाजाला भेतं ते." मी सगळ्यांच्या पुढं होतो. निदान अंगणातून निघताना तरी होतो. रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्या मागं एकच माणूस उरला होता, आणि तो चप्पल तुटली म्हणून मागं राहिला होता.

वळणावर धूळ उडाली आणि पाव्हण्यांची जीप आली. जिवंत! आतमध्ये नवरा मुलगा विलास, त्याचे फेटेवाले वडील आणि मागं दोन मामा. बँडचा कुठंच पत्ता नव्हता. अण्णा "या, या" म्हणून पुढं झाले आणि बरोबर त्याच क्षणी माझ्या पाठीमागून पुन्हा किंकाळी आली.

त्यानंतर मी काय केलं ते मला लोकांनी सांगितलं. भानावर आलो तेव्हा मी जीपमध्ये होतो, थाळी छातीशी धरलेली होती, आणि खाली नवऱ्या मुलाच्या वडिलांची मांडी होती.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी मुलीचा भाऊ."

"बसा," ते म्हणाले.

"बसलोच आहे."

"व्हय, ते दिसतंय."

पाव्हण्यांना घाईघाईनं घरात घेऊन दाराला आतून अडसर लावला. पुढच्या खोलीत पाव्हणे, अण्णा, तात्या, अर्धी वस्ती आणि एक शेळी एवढे सगळे दाटीवाटीनं बसले. कांदेपोहे आले. पोहे खाता खाता बाहेर गुरगुर झाली, की सगळ्यांचे घास हवेत थांबायचे. किंकाळी आली, की डोळे मिटायचे. बँड वाजला, की पुन्हा चावायला सुरुवात. दोन्ही मामांनी तर त्या तालावरच बशी संपवली.

एवढ्यात मोटारसायकलवरून वनरक्षक आले. कुणीतरी निरोप धाडला होता. अडसर काढल्यावर ते दारात उभे राहून लक्ष देऊन ऐकू लागले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या.

"बिबट्या असा वरडत न्हाई," ते म्हणाले.

"मग वाघ हाय का?" तात्यांनी विचारलं.

"वाघ बी न्हाई. आन मानसाला धरल्यावर वाजाप तर कुठलंच जनावर करीत न्हाई."

विलासचे वडील हळूच अण्णांकडं झुकले. "तुमच्या वस्तीवर दुसरं काही... बाहेरचं... तसलं काही हाय का?" अण्णांचा चेहरा उतरला. आई रडकुंडीला आली. आपल्या पोरीचं जमत आलेलं लग्न एका भुतानं मोडलं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. सुरेखा हुशार पोरगी. तिचं स्थळ असं भुताटकीपायी जावं? शेवटी काहीतरी करायचं म्हणून आईनं हाक मारली, "सुरेखाऽ, पावण्यांना पानी आन!"

सुरेखा बाहेर आली. काठापदराची साडी, हातात तांब्या आणि पेले मांडलेलं ताट. ताट तिनं नीट स्टुलावर ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "आई, बिबट्या बंद करू का?"

कुणालाच काही कळलं नाही. ती कोपऱ्यात गेली, टॉवेल ओढला, पडदा चालू केला. पडद्यावर माझा गडी शेंदरी दगडापाशी हताश उभा होता. काळं जनावर सावकाश आलं. देवळावरून गुरगुर झाली. जनावरानं झेप घेतली. देवळावरून किंकाळी आली. मग पिपाणी आणि ढोल. मग गडी पुन्हा दगडापाशी उभा!

सुरेखानं खटका मधे आणला. सगळी वस्ती एकदम शांत झाली. शेळीसुद्धा माझ्याकडं बघत होती.

"अगं कार्टे, तुला म्हाईत व्हतं?" आई किंचाळली. "मग आधी का न्हाई सांगितलं?"

"बोलावल्याबिगर बाहेर यायचं नाही, काय बी झालं तरी, असं तूच म्हणालीस. आतून दोनदा 'दादा' म्हणून हाक मारली. पण दादा थाळी वाजवत होता."

अण्णांनी नुसतीच काठी या हातातून त्या हातात घेतली. तात्या "माझा बैल अजून माजघरात हाय" म्हणत उठले. वनरक्षकांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालंय?"

"बी.कॉम."

"हं," ते म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांनी माझी पदवी काढून घेतली.

आता पाव्हणे उठून जाणार, एवढंच बाकी होतं. पण विलास उठला आणि सरळ कॉम्प्युटरपाशी गेला. तो पुण्यात नोकरीला होता. आल्यापासून त्यानं एक शब्द उच्चारला नव्हता. पडद्याकडं बघत तो म्हणाला, "इथंच अडकलोय मी. कितीही गोळ्या घातल्या तरी मरत नाही हे."

"ते मरतच नाही," सुरेखा म्हणाली. "त्याला मारायचंच नसतं. डाव्या हाताला कपार आहे, तिच्यावर चढून गप बसायचं. ते वास घेतं आणि खालून निघून जातं."

(मी तिथं चार दिवस गोळ्या झाडत होतो! ही पोरगी मागं बसून वाटाणे सोलत असायची आणि एक अक्षर बोलली नव्हती.)

"दाखवता?" विलासनं विचारलं.

तिनं आईकडं बघितलं. आईनं अण्णांकडं. अण्णांनी पाव्हण्यांकडं. पाव्हण्यांनी मान हलवली. मग सुरेखा साडीचा पदर खोचून बसली. गडी वळला, कपारीवर चढला, दबा धरून बसला. खोलीत कुणी श्वास घेईना. काळं जनावर आलं, हुंगलं, आणि निघून गेलं! समोरचं दगडी दार गडगडत उघडलं. अर्ध्या वस्तीनं टाळ्या पिटल्या. तात्या बैल विसरून परत आले आणि "आता फुडं काय?" म्हणून खालीच बसले.

विलासचे वडील अण्णांना म्हणाले, "सगळी वस्ती पळत व्हती, आन ही पोरगी पानी घिऊन आली. आमाला पसंत हाय." मग माझ्याकडं एक नजर टाकून म्हणाले, "आमी मुलगी बघायला आलो व्हतो, घराणं न्हाई, हे बरं."

लग्न झालं, संसार झाला. परवा सुरेखानं आणि विलासरावांनी तोच गेम नव्या अवतारात घेतला आणि मला आग्रहानं खेळायला बसवलं. मी सगळ्यात सोपी पायरी निवडली. तिच्यात जनावरं चावत नाहीत, दऱ्यांना कठडे आहेत आणि पुढं कुठं जायचं ते बाण दाखवतो. मी बाणाच्या उलट गेलो आणि एका डबक्यात बुडालो. मग पुन्हा बुडालो. तिसऱ्या वेळी पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली : 'खेळ अवघड वाटतोय का? आणखी सोपा करू?' मी ताबडतोब 'हो' दाबलं. कॉम्प्युटरनं बराच वेळ विचार केला. त्याच्याकडं याहून खालची पायरीच नव्हती. शेवटी त्यानं अत्यंत नम्रपणे विचारलं, 'घरी दुसरं कोणी आहे का?'