आभारांचे चौबळ सर

हरिहर चौबळ यांच्यासारखे आभार डोंबिवलीत दुसरं कुणी मानत नसे. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत वक्ते दरवर्षी नवे, आभार मात्र चौबळ सरांचेच. मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळी नावं त्यांना तोंडपाठ असत. लोक कौतुक करत आणि सरांच्या अंगाचा तिळपापड होई. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या या माणसाला आभार नको होते, व्याख्यान हवं होतं. विषयही तयार होता: विश्वाचं भविष्य सांगता येईल का?

यंदा समितीने नेमका तोच विषय घेतला आणि बोलावलं कल्याणच्या उत्तराला. सरांचीच विद्यार्थिनी, आता संशोधक.

"तुमचीच विद्यार्थिनी म्हटल्यावर आभार तुमच्याशिवाय कोण मानणार, सर?" कार्यवाह विश्रामराव म्हणाले. सर "वा वा" म्हणाले आणि त्या दिवशी धड जेवले नाहीत.

व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या. तेही त्यांना लागलं. एरवी त्यांच्या आभारांपर्यंत निम्मं सभागृह बटाटेवड्यांच्या वासाने बाहेर गेलेलं असे.

विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि वेग कळला, की पुढचं सगळं गणिताने सांगता येतं, असं सर वर्गात ठासून सांगत. उत्तराने तेच वाक्य घेतलं आणि हसतहसत मोडीत काढलं. "एकच किरणोत्सारी अणू समोर ठेवा. तो कधी फुटेल, हे आजचं भौतिकशास्त्र सांगू शकत नाही. ढीगभर अणूंपैकी निम्मे कधीपर्यंत फुटतील, एवढंच सांगतं. आणि विश्व कायम असंच फुगत राहील का? खरं सांगू, माहीत नाही."

टाळ्या! "माहीत नाही"ला टाळ्या! आपण वर्गात असं म्हटलं असतं तर पोरांनी डोक्यावर मिरे वाटले असते, असं सरांच्या मनात आलं. त्यांना हेवा वाटत होता, सरळसरळ हेवा. तिच्या वयाचा, तिच्या निर्धास्तपणाचा, टेबलावरच्या तिच्या पाण्याच्या पेल्याचासुद्धा.

मग ते आभाराला उठले. देणगीदार, मंडप, माईक, चहा, रसिक श्रोते, सगळं घडाघडा म्हणून खाली बसले. विश्रामराव कानाशी वाकले. "सर, बाईंचं नाव राहिलं."

सरांची कानशिलं तापली. उठून सांगावं, तर लोक वड्यांकडे निघालेही होते.

जिन्यात उत्तरा समोर आली. "सर, रागावलात?"

"नाही गं." मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "हेवा वाटला तुझा. ती जागा माझी आहे, असं वाटत होतं."

"ते दिसत होतं, सर. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेलात. पण तुम्ही माझं नावच घेणार नाही, हे काही मला आधी सांगता आलं नसतं."

सर कठड्याला धरून उभे राहिले.

"मला तरी कुठे आलं असतं, उत्तरा?"