निळ्या मुठीची सुरी

श्रीरंग धाबेकरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी माझा डावा हात भादरला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरातली विळी इतकी बोथट झाली होती की भोपळा तिच्यावर बसून हसायचा. ती घेऊन मी जबलपूरच्या सराफ्यातल्या एका गल्लीत शिरलो. तिथे कपाटाएवढ्या दुकानात एक काडीसारखा म्हातारा, नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून बसला होता. त्याने विळी दगडावर पंधरा मिनिटं घासली. मग माझं मनगट पकडलं, विळी पाटासकट उचलली आणि माझ्या हातावरून अशी फिरवली की गल्लीतली कबुतरं उडाली, समोरच्या सोनाराचा तराजू थरथरला आणि बैतूलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी "आई गं!" म्हणालो. डोळे उघडले तर रक्ताचा थेंब नाही. मनगटाच्या वर चार इंच जागा तेवढी घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत.

"काहून घाबरून राहिले?" म्हातारा म्हणाला. "आता कापते ती. नाव काय तुमचं?"

"अच्युत," मी म्हणालो. त्या क्षणी नावाचं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं.

धार लागली की नाही हे केस काढून पाहायची त्यांची रीत होती. स्वतःच्या हातांवरचे केस पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्येच खर्च झाले होते. निवृत्तीनंतर हे दुकान काढलं तेव्हापासून गिऱ्हाइकांचे हात वापरात आले. जबलपुरात एखाद्याच्या डाव्या हातावर टक्कल दिसलं की तो धाबेकरांचा माणूस हे ओळखावं. मदन महल स्टेशनवर एकदा एका अनोळखी गृहस्थाने माझा हात पाहिला, मी त्याचा पाहिला, आणि आम्ही नातेवाइकांसारखे चहाला गेलो.

दीक्षितपुऱ्यातल्या घरून ते रोज साडेनऊला चालत येत. सोनारांची कोरायची हत्यारं, शिंप्यांच्या कात्र्या, घरोघरच्या विळ्या, सगळ्यांना ते डॉक्टरासारखे तपासत. "काय कापता हिच्याने?" हा पहिला प्रश्न. खोटं सांगितलं तर पकडत. हर्षाने, म्हणजे नागपूरला दिलेल्या मुलीने, सुरीने पत्र्याचा डबा उघडल्याचंसुद्धा त्यांनी फोनवरून ओळखलं होतं, असं समोरचे गौतमशेठ सोनार सांगत. गौतमशेठांचा मुख्य धंदा सोन्याचा आणि जोडधंदा धाबेकरकाकांना चिडवण्याचा.

"धाबेकरजी सबको सलाह देते हैं," ते गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणत, "आज तक किसी ने मानी हो तो बताओ."

काकांच्या दगडावरचा आवाज तेवढा वाढायचा.

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझ्या ऑफिसातल्या अनुपमने डिसेंबरसाठी बरगी धरणाच्या बाजूला जंगलातल्या कॅम्पचा घाट घातला. सामानाची यादी आली. तिच्यात टॉर्च, दोरी आणि 'फिक्स्ड ब्लेड बुशक्राफ्ट नाईफ'.

"म्हणजे काय?" विनताने, माझ्या बायकोने, विचारलं.

"न मिटणारी सुरी. लाकूड फोडायला, सोलायला, जंगलात जगायला."

"घरात तीन आहेत. तुम्ही त्यातल्या एकीने कधी कांदा कापला नाही. जंगलात काय कापणार?"

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून मी तीन सुऱ्या ऑनलाइन मागवल्या. एक नऊशेची, निळ्या प्लास्टिकच्या मुठीची. दुसरी बत्तीसशेची, लाकडी मूठ, पात्यावर लाटांसारखी नक्षी. तिसरी साडेचौदा हजारांची, काळी, गंभीर, पाहताक्षणी आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारी. दहा दिवसांत परत करायची सोय होती. दोन परत करायच्या, एक ठेवायची. कोणती, ते काका सांगतील.

काकांनी तिन्ही पाहिल्या आणि दुकानाची फळी अर्धी लावून घेतली. दोन सोनारांना परत पाठवलं. जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. आधी प्रत्येक सुरी बोटावर तोलली. मग कुठूनतरी बाभळीचा ओंडका आणला, त्यावर पातं ठेवून लाकडी मोगरीने ठोकत तो उभा चिरला. बत्तीसशेची धार पहिल्याच गाठीवर दुमडली.

"नक्षी चांगली आहे," काका म्हणाले. "दिवाणखान्यात लावा."

साडेचौदा हजारांच्या सुरीने बाभूळ लोण्यासारखी कापली. माझी छाती फुगली.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "घेऊ नका."

"काहून, काका?"

"हे लोखंड भलतंच कडक. माझ्या दगडाले दोन दिवस लागतील, तुम्हाले दोन जन्म. एकदा बोथट झाली की पडून राहीन. ही निळी घ्या. साधं लोखंड आहे, पातं मुठीत पूर्ण गेलेलं नाही, पण तुम्ही काय सागवान तोडून राहिले? आणि जंगलात बोथट झाली तर नदीतल्या गोट्यावर धार लागते."

मग त्यांनी निळीला नव्याने धार लावली. पात्याच्या पाठीवर, जिथे अंगठा टेकतो तिथली टोचणारी कड कानसीने नखाएवढी गोल केली. माझ्या हातावरची राहिलेली जागा साफ केली. पैसे विचारले तर रागावले. "मजा आली बाप्पा. मजेचे पैसे घेऊ काय?"

"ठरलं काका," मी म्हणालो. "निळीच घेतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग अर्धी लावलेली फळी काढली आणि गल्लीत ओरडले, "गौतमशेठ! सुनो! मान ली!"

त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मी घरी आलो आणि अनुपमचा फोन आला. "भैया, कौन सा लिया? मेरा वाला देखो तो..." त्याच्या सुरीचा फोटो आला. माझ्या काळीची सख्खी बहीण. मी निळीचा फोटो पाठवला. त्याने हसणारे सहा चेहरे पाठवले आणि विचारलं, "इससे ब्रेड पे मक्खन लगाओगे?"

दुसऱ्या दिवशी मी काळी ठेवली आणि निळी परत केली. नक्षीवालीही गेली. निळीवरचा बाभळीचा डिंक टूथपेस्टने घासून काढला आणि अर्जात लिहिलं, 'न वापरलेली'. देशात कुठेतरी एका अनोळखी माणसाकडे ती आता असेल. अंगठ्याला टोचत कशी नाही, याचं त्याला नवलही वाटत नसेल.

खरं सांगायला हवं होतं. ते एका फोनचं काम होतं. पण काका रोज कुणाला तरी माझं उदाहरण देत होते आणि रोज ते काम थोडं जड होत होतं.

खंडेनवमीला काकांच्या दुकानात हत्यारांची पूजा असायची. नेहमीची गिऱ्हाइकं आपापल्या सुऱ्या, कात्र्या आणून बाकावर ठेवत. दोन दिवस आधी फोन आला. "अच्युतराव, निळी घेऊन या. म्यान शिवलं तिच्यासाठी. चामड्याचं. डोळ्याने दिसत नाही आता, आठ दिवस लागले."

मी त्याच क्षणी दुसरी निळी मागवली. तीच कंपनी, तोच रंग. ती नवमीच्या सकाळी आली. खोकं उघडून मी ती रुमालात गुंडाळली. विनता बघत होती.

"सरळ सांगून का नाही टाकत त्यांना?"

"पूजेच्या दिवशी?"

"मग काय, विसर्जनाच्या दिवशी सांगाल?"

दुकानात झेंडूच्या माळा, गौतमशेठ, आणखी पाचसहा सोनार. मी सुरी बाकावर ठेवली, कारण काका हातातून हातात सुरी घेत नसत, त्याने भांडण होतं म्हणत. त्यांनी ती उचलली. अंगठा पात्याच्या पाठीवर नेला, नेमका तिथेच. तिथे कारखान्यातली कड होती, करकरीत. अंगठा थांबला.

"वापरलीच नाही अजून, काका," मी घाईने म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "अजिबात वापरलेली नाही."

त्यांना सगळं कळलं होतं आणि मला कळलं होतं की त्यांना कळलं आहे. गौतमशेठ पुढे झाले. "यही है वो? दिखाओ तो."

काकांनी सुरी मुठीत घट्ट धरली. "हीच. याच साहेबांनी माझं ऐकलं," ते म्हणाले. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. मग मान खाली घालून त्यांनी कानस घेतली, ती कड पुन्हा नखाएवढी गोल केली, पात्याला हळदकुंकू लावलं आणि म्यानात घातली. म्यान बरोबर बसलं. सुरी माझ्यापुढे बाकावर ठेवली, प्रसादाचा पेढा दिला. माझा हात धरला नाही. धार त्यांनी कशावरच पाहिली नाही.

मी ठरवलं, कॅम्पहून आलो की जायचं आणि पायावर डोकं ठेवून सांगायचं. कॅम्पवर लाकडं फोडून रचून ठेवलेली होती. त्यांचे पैसे तिकिटातच होते. अनुपम सुरी घरी विसरला होता. माझी काळी दोन दिवस कमरेला लटकली. परत आल्यावर विनताने त्या सुरीने एकदा कोहळा चिरला, एकदा नारळ फोडला, आणि ती बोथट झाली.

ती घेऊन जानेवारीत मी सराफ्यात गेलो. दुकान बंद होतं. डोळ्यांमुळे काकांना हर्षा नागपूरला घेऊन गेली, असं गौतमशेठांनी सांगितलं. तिचा फोन नंबर दिला. म्हणाले, "आपकी बहुत तारीफ करते थे."

नंबर अजून माझ्याकडे आहे. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्या डाव्या हातावर केस पुन्हा आले आहेत.