शेवटच्या कडव्याची घाई

उत्तरेश्वर बँडमध्ये ड्रम वाजवायचा, पण त्याचा हात तयार झाला होता हलगीवर. लातूरकडच्या त्याच्या गावात लेझीम सुरू झाली की हलगीवाला मात्राबित्रा मोजत बसत नाही, खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. पाय जड पडायला लागले की हात जरा पुढे काढायचा, ठेका वाढवायचा, म्हणजे दमलेली माणसंही त्या ओढीने डाव पुरा करतात. एवढंच काय ते त्याचं शिक्षण. पुण्यात तो धायरीच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम बडवायचा.

बँडमध्ये आणखी दोघं. कसबा पेठेतला आमोद गाणी लिहायचा आणि गायचा, अवनी गिटार वाजवायची. अवनीच्या काकांचा मार्केट यार्डात बटाट्याचा गाळा होता. बाजार बंद असला की ही मंडळी आत शिरून शटर खाली ओढायची, म्हणून बँडचं नाव 'शटर डाऊन'. डोक्याला फार ताण दिला नव्हता, हे उघडच आहे.

तिथेच पोत्यांच्या थप्पीवर मोबाईल ठेवून त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली. आवाज म्हणाल तर दिव्य! गिटार पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी, मधेच बाहेरच्या टेम्पोचा हॉर्न. तरीही ती डेमो गाणी कॉलेजच्या पोरापोरींत फिरली, कारण शेवटच्या कडव्यात गाणं असं काही उसळायचं की ऐकणाऱ्याला बसवायचं नाही.

ही उसळी कुठून यायची, ते एकट्या उत्तरेश्वरला ठाऊक होतं. आमोदला लहानपणापासून दमा. त्यात ओळी लिहायचा हातभर लांब. शेवटच्या कडव्यात त्याचे खांदे वर चढायला लागले की उत्तरेश्वर हात पुढे काढायचा. ओळ लवकर संपायची आणि आमोदचा श्वास कसाबसा पुरायचा. आमोदला याचा पत्ताच नव्हता. गाणं सुरू केल्यापासून माझा दमा पळाला, असं तो ज्याला त्याला सांगायचा. दमा बळावला तर गाणं बंद, एवढ्याच बोलीवर घरच्यांनी त्याला गायला परवानगी दिली होती. मग उत्तरेश्वर कशाला तोंड उघडतोय?

पुढे ती गाणी संजय नावाच्या एका स्टुडिओवाल्याच्या कानावर गेली आणि त्याने नीट रेकॉर्ड करायला तिघांना बोलावलं. तिथे उत्तरेश्वरच्या कानात हेडफोन अडकवला. त्यात एकसारखी टकटक वाजत होती आणि त्या टकटकीला धरूनच ड्रम वाजवायचे होते. दोन कडवी झकास गेली. तिसऱ्यात आमोदचे खांदे चढले, आणि उत्तरेश्वरचा हात टकटकीला मागे टाकून सुटला. संजयने गाणं थांबवून विचारलं, "आपल्याला पुढे कुठली गाडी पकडायची आहे का?"

असं सात वेळा झालं. आठव्यांदा उत्तरेश्वरने डोळे गच्च मिटून टकटकीबरोबर वाजवलं, तर शेवटच्या ओळीत आमोदचा आवाज फाटला. तेव्हाही संजय ड्रमवाल्यावरच घसरला. तू गायकाला अवघडून टाकतोस, म्हणाला. उत्तरेश्वरने आमोदकडे पाहिलं. आमोद पाण्याची बाटली शोधत होता.

त्या आठवड्यातच आमोद धायरीला आला आणि वर्कशॉपबाहेरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. सुदर्शन नावाचा एक मुलगा आहे, टकटकीला पक्का आहे, रेकॉर्डिंगपुरता त्याला घेतोय, असं तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला.  पुण्यात उत्तरेश्वरला कुणी नावानिशी ओळखत असेल, तर ते त्या ड्रममुळे; नाहीतर लेथवरचा एक पोरगा, आज आहे उद्या नाही. खरं काय ते सांगून टाकलं असतं, तर जागा वाचलीही असती. पण दमा गेला म्हणून मिरवणाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं की बाबा, तो गेलेला नाही, मी झाकतोय? जिभेवर आलेलं त्याने चहाबरोबर गिळलं आणि बरं म्हणाला.

खोलीवर येऊन त्याने मोबाईलमधले जुने डेमो काढले. अगदी पहिल्यात आमोदचा आवाज शेवटी धापेत बुडालेला, आणि नंतरच्या प्रत्येकात ड्रम पुढे आणि आवाज शाबूत. पुरावाच होता की हातात. ग्रुपवर टाकायला त्याने पहिला आणि शेवटचा डेमो निवडलासुद्धा, मग रद्द केलं. राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

दोन रविवार गेले आणि आमोदचा फोन आला. सुदर्शन वाजवतो चोख, पण डेमोतली मजा येत नाही, शेवटी माझा सूरच लागत नाही. तू जरा येऊन त्याला दाखवशील का? दुसऱ्याने फोन आपटला असता. उत्तरेश्वर स्टुडिओत गेला.

सुदर्शन पोरगा गुणी निघाला. त्याने अदबीने विचारलं, "दादा, नेमकं कितव्या मात्रेपासून वाढवता?"

सगळे ऐकत होते. आमोद माईकपाशी उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला. या सूर न लागण्याने तो आतून पार खचलाय, हे उत्तरेश्वरला दिसलं, आणि आता गप्प राहणं त्याला जमेना.

"मोजायचं न्हाई," तो म्हणाला. "त्याच्या खांद्याकडं बघायचं. खांदे वर आले की त्याचा दम संपायलाय. तवा हात पुढं काढायचा."

 आमोदचा हात आपसूक स्वतःच्या खांद्यावर गेला.

"इतके दिवस?" त्याने विचारलं. "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? तू तर सांगायला आलतास."

 संजयने घड्याळ पाहिलं, शेवटच्या कडव्यापुरती टकटक बंद केली आणि पुन्हा घेऊ म्हणाला. सुदर्शन आमोदच्या खांद्यांवर नजर रोखून बसला. तिसऱ्या खेपेला त्याला ते बरोब्बर साधलं. शेवटची ओळ अखंड आली, गाणं उसळलं, अवनीने तर उडीच मारली. ड्रमवर आता पुन्हा तू बस, असं उत्तरेश्वरला कुणीच म्हणालं नाही.