पाणी कसं चढतंय

सांगलीच्या घाटावर कृष्णेची पातळी मोजायची पट्टी होती. ती वाचायला नेमलेले गृहस्थ आमच्या गल्लीत राहायचे. ‘पाणी किती?’ म्हटलं की चिडायचे. ‘किती न्हाई मास्तर, कसं चढतंय ते इचारा.’

मी कॉलेजात कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या वेगाचं गणित, शिकवायचो. पोरं सूत्रं घोकायची, परीक्षेनंतर विसरायची.

एका पुरात गल्ली सामान बांधून बसली. गृहस्थांचं घर सगळ्यात खाली. ते पट्टी बघून आले आणि बांधलेला स्टोव्ह सोडून त्यांनी चहा ठेवला.

‘अहो, अजून चढतंय!’ मी म्हटलं.

‘चढू द्या की. पयल्यांदा तासाला फूट, मग सा इंच, आता दोन. दमलंय ते.’

पाणी त्यांच्या पायरीशी थांबलं.

कॉलेज उघडल्यावर मी सूत्र लिहिलं नाही. ते तीन आकडे फळ्यावर मांडले आणि विचारलं, ‘सामान बांधायचं की सोडायचं?’