चष्मेकाकांची घरची तपासणी

कोणी लहान मुलाला घेऊन दुकानात आलं, की चष्मेकाका आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून दुसराच लावतात. "हे कशाला हो?" असं कोणी विचारायचाच अवकाश, की स्वतःची फजिती रंगवून सांगायला बसतात. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासणारा माणूस किती आंधळा असू शकतो, याचा दाखला म्हणून ते स्वतःलाच पुढे करतात.

गोष्ट त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीची. वर्गात फळ्याकडे लक्ष नाही, अर्धंमुर्धं उतरवते, सारखी शेजारणीच्या वहीत डोकावते. बाईंची तिसरी तक्रार आली, तेव्हा काका आणि काकू तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी लांबलचक प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि विचारलं, "डोळे तपासलेत?"

काका छाती फुगवून हसले. "डॉक्टर, डोळ्यांचं माझ्यावर सोडा. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते."

डॉक्टरांनी त्या रकान्यात बरोबरची खूण केली. निदान झालं, लक्ष न लागण्याचा विकार. सोमवारपासून रोज एक गोळी, आणि पुढच्या सत्रात वेगळा वर्ग.

"मी खूप लक्ष देते हो बाबा," मुलगी वाटेत म्हणाली, "तरी मला काही येतच नाही."

"गोळीने येईल हं," काकांनी समजूत घातली. हे वाक्य आठवलं की त्यांना आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

रविवारी त्यांनी पिवळा पडलेला जुना तक्ता काढून कोरा करकरीत नवा लावला. मुलगी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत चढून बसली. तीन वर्षांची असल्यापासून ती तिथेच खेळत आली होती. काका गमतीने म्हणाले, "वाच बघू!" तिने सगळा तक्ता म्हणून दाखवला, एकही अक्षर न चुकता. फक्त तो उतरवलेला जुना तक्ता होता.

"अगं, बघून वाच!"

"बघायला कशाला हवं? पाठ आहे की मला. तुमची गिऱ्हाइकं रोज तेच तर म्हणतात."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी तिच्या डोळ्यांवर भिंगं चढवली. दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर निघाला. "वेळेत दाखवायला काय होतं?" म्हणून अख्ख्या गल्लीला दरडावणारे ते, पोरीसमोर मान खाली घालून बसले.

"दिव्याखाली अंधार म्हणतात," काकू म्हणाल्या, "आपलं तर दिव्यांचंच दुकान!"

गोळ्यांचं पाकीट न उघडताच ते दोघं सोमवारी मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, गोळी रद्द केली आणि म्हणाले, "खूण मी केली, तेव्हा चूक माझीही आहे."

"खूण तुमची," काका म्हणाले, "फुशारकी माझी."

मंगळवारी चष्मा तयार झाला. मुलगी तो घालून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि दुकानाच्या नावाखालची बारीक ओळ तिने मोठ्याने वाचली, "लहान मुलांचे डोळे काळजीपूर्वक तपासले जातात."

ती पाटी तिच्या जन्माच्या आधीपासूनची.

"बाबा," तिने तिथूनच ओरडून विचारलं, "हे कधी लिहून घेतलंत?"