दाजींच्या नावेला ठोकलेली पिन

हसणार असाल तर सांगत नाही बघा. पण चहा मागवलाच आहे, तर ऐका.

आमचे दाजी नौदलातून निवृत्त होऊन कळंबला आले आणि त्यांनी काय घ्यावं? शिडाची लहान नाव! तलावात सोडायला. दाजींचा जन्म समुद्रावर गेला आणि माझ्या बहिणीचा इथं तुरीच्या रानात. तिला एकदा शेजारी बसवून फिरवावं, एवढीच त्यांची इच्छा. पण अक्का पाण्याला लई भिते. कशीबशी तयार झाली. "एक डाव बसंन. भ्या वाटलं तर पुन्हा इचारायचं न्हाय."

त्या नावेच्या पोटातून एक लोखंडी पातं खाली पाण्यात उतरतं. दोरीनं वर घ्यायचं, खाली सोडायचं. त्याचा बोल्ट झिजला होता, दोर कुजला होता. काम आलं माझ्या वर्कशॉपात. अर्ध्या तालुक्याचे नांगर माझ्या हातून गेलेत, पात्याचं काय घेऊन बसलात? गंज खरवडला, बोल्ट बदलला, नवा दोर ओवला. आणि रस्त्यानं नेताना ट्रॅक्टरच्या नांगराला मारतो तशी, पातं वर उचलून आडवी पिन ठोकली. वरून तार आवळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नावेत. दाजींनी शीड ताणलं. नाव पुढं जाईचना, खेकड्यासारखी आडवीच सरकायला लागली.

"दत्ता, पातं सोड खाली."

"दाजी, चालू गाडीत नांगर कुणी खाली सोडतं व्हय?"

"अरे, त्या पात्यानंच नाव सरळ चालती. काय करून ठेवलंस?"

"पिन मारलीय. पक्की."

"मग काढ की."

"पकड ट्रॅक्टरवर हाय."

ट्रॅक्टर काठावर. दाजींनी शीड उतरवलं. त्यांचा चेहरा बघून मला रडू यायचं बाकी होतं. आणि अक्का? डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी दाजींचा हात धरून बसलेली. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यादेखत तिनं त्यांचा हात कधी धरला नव्हता.

वाऱ्यानं नाव काठच्या बेशरमीच्या झुडपांत नेऊन टेकवली. मी चिखलात उतरलो आणि भीत भीत विचारलं, "अक्का, उतरतीस ना?"

तिनं डोळे उघडले. हात सोडला नाही. "मी कशाला उतरू? तू पकड आण, पिन काढ, आन् काठावर थांब."

नाव सरळ निघाली. मी चिखलानं भरलेला, बघत उभा होतो. लई बरं वाटलं.

आता दर रविवारी दोघं तलावावर असतात. पाण्याची भीती पार गेली तिची. पण परवा घरचा मिक्सर बिघडला, तर तो पदराखाली झाकून, माझ्या वर्कशॉपावरूनच, दुसऱ्याकडं घेऊन गेली.